अर्ध्यावर थांबवलेली वाइन : मोस्कातो दास्ती

वायव्य इटलीतील पिडमाँट प्रांत जाणकारांना परिचित आहे तो बारोलो आणि बार्बारेस्को या भारदस्त, वर्षानुवर्षे मुरवल्या जाणाऱ्या तांबड्या वाइनमुळे. त्याच प्रांतातील आस्ती, कुनेओ आणि अलेस्सांद्रिया या जिल्ह्यांच्या टेकड्यांवर अगदी उलट स्वभावाची एक वाइन जन्म घेते. मोस्कातो दास्ती ही गोड, किंचित फसफसणारी पांढरी वाइन असून जेवणाअखेरीस मिष्टान्नाबरोबर ती घेण्याचा प्रघात आहे. तिच्यात मद्यार्क अवघे ४.५ ते ६.५ टक्के असते. नेहमीच्या पांढऱ्या वाइनमध्ये ते १२ टक्क्यांच्या आसपास असते.

इतकी गोड वाइन म्हणजे वरून साखर घातलेली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. किण्व द्राक्षरसातील साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करते आणि साखर संपेपर्यंत हे काम चालू राहते. मोस्कातोच्या बाबतीत ते मध्येच थांबवले जाते. मोस्कातो बियांको या सुगंधी द्राक्षाचा रस शून्य अंशाच्या जवळ थंड करून साठवतात आणि गरजेप्रमाणे बंद पोलादी टाक्यांत आंबवतात. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास पोचताच टाकी पुन्हा थंड केली जाते, किण्व निद्रिस्त होते आणि सूक्ष्म गाळणीने ते काढून टाकतात. द्राक्षाची अर्धीअधिक साखर वाइनमध्येच राहते आणि टाकीत कोंडलेला कर्बवायूही. आपल्याकडे नीरेची ताडी होऊ नये म्हणून ती थंड ठेवतात, त्यामागचे शास्त्र हेच.

शीतकरण नव्हते तेव्हा हे काम जिकिरीचे होते. वाइन कापडी पिशव्यांतून पुनःपुन्हा गाळली जाई. तरीही उरलेले किण्व उन्हाळ्यात जागे झाले की बाटल्या फुटत. आस्तीतील फेदेरिको मार्तिनोत्ती याने १८९५ मध्ये बंद टाकीत आंबवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे फ्रान्सच्या युजीन शार्मा याने तीत सुधारणा केली आणि जगभर नाव झाले ते शार्माचे! आस्तीकरांनी नाराज व्हावे असाच हा प्रकार.

नुसते ‘आस्ती’ असे नाव असलेली वाइन मात्र वेगळी. तीही याच द्राक्षाची, पण अधिक फेसाळ आणि थोडी अधिक मद्यार्काची. शँपेनचे तंत्र शिकून आलेल्या कार्लो गांचा याने १८६५ च्या सुमारास कानेल्ली गावी तिचा पाया घातला. कानेल्लीची भुयारी तळघरे आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. दुकानात हा फरक बुचावरूनही ओळखता येतो. आस्तीच्या फुगीर बुचाला तारेची जाळी असते, तर मोस्कातो दास्तीला सहसा साधे सरळ बूच. दोघींना इटलीचा सर्वोच्च ‘डीओसीजी’ दर्जा १९९३ मध्ये मिळाला. आक्वी तेर्मे परिसरातील ब्राकेत्तो दाक्वी ही त्यांची तांबडी बहीण. गुलाब आणि स्ट्रॉबेरीच्या गंधाची, चॉकलेटशी चांगली जमणारी.

मोस्कातोच्या सुगंधात लिनालूल या द्रव्याचा वाटा मोठा असतो. आपल्या धन्यांना वास येतो तो प्रामुख्याने याच द्रव्यामुळे. हा सुगंध अल्पजीवी असल्याने ‘जुनी तितकी चांगली’ हा नियम येथे लागू पडत नाही. बाटलीवरील साल पाहून ताजी वाइन घ्यावी, वर्षा-दोन वर्षांत संपवावी आणि आठ ते दहा अंशांवर थंड करून द्यावी. पिडमाँटमध्ये सोबत हेझलनटचा केक असतो, नाताळात पानेत्तोने. गडद चॉकलेटपुढे मात्र ती फिकी पडते; ताजी फळे किंवा सुक्यामेव्याची साधी मिठाईच तिला मानवते.