मूत्रातील प्रथिने व कर्करोग (वर्धा जिल्हा)

मूत्रातील प्रथिने तपासून काही मोजक्या कर्करोगांचा माग काढता येतो आणि उपचार लागू पडतो आहे का, हेही मोजता येते. निरोगी माणसाच्या मूत्रातून दिवसाला साधारण १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिने जातात. प्रमाण वाढले तर कारण बहुधा मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असते, कर्करोग क्वचितच.

या तपासणीचा पाया आहे बहुविध मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. १८४५ मध्ये लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या मूत्रात डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांना एक विचित्र पदार्थ आढळला. तापवले की तो साकळे, उकळी आली की विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसे. रसायनज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून ते ‘बेन्स जोन्स प्रथिन’. प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या म्हणजेच हे प्रथिन, हे एडलमन आणि गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवले.

मूत्रात बुडवायची नेहमीची स्ट्रिप मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते, हलक्या साखळ्या नाही. त्यामुळे स्ट्रिप कोरी आली तरी मायलोमा असू शकतो. सल्फोसॅलिसिलिक आम्लाने मात्र दोन्ही प्रथिने साकळतात. स्ट्रिप कोरी आणि आम्लाने मूत्र गढूळ, असा विसंवाद दिसला की पुढे तपासलेच पाहिजे. वर्ध्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. उतारवयातल्या शेतमजुराची कंबर दुखते ती कामाने, रक्त कमी आहे ते अपुऱ्या आहारामुळे किंवा सिकलसेलमुळे, असे सहज धरले जाते आणि वेदनाशामक गोळ्या सुरू राहतात. हलक्या साखळ्या मूत्रपिंडाच्या नलिकांत साचून त्या तुंबवतात. वेदनाशामके आणि उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होणे, दोन्ही या हानीत भर घालतात. न हटणारे हाडांचे दुखणे, पंडुरोग आणि वाढते क्रिएटिनिन एकत्र दिसल्यावर मायलोमाचा विचार न करणे ही गंभीर चूक ठरते.

पक्की मोजणी चोवीस तासांच्या मूत्रावर होते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी एका कॅनमध्ये साठवायची आणि कॅन थंड जागी ठेवायचा. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातून एसटीने येणाऱ्या रुग्णाला हे सोपे नसते. एकदाची लघवी जरी सुटली तरी आकडा चुकतो, म्हणून घरच्यांना नीट समजावणे हा तपासणीचाच भाग मानावा. प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिसने प्रथिने वेगळी करतात आणि इम्युनोफिक्सेशनने साखळी कप्पा आहे की लॅम्डा ते ठरवतात. चोवीस तासांत २०० मिलिग्रॅम किंवा अधिक मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशाचे) प्रथिन असेल तर त्यावरून उपचाराचा मागोवा घेता येतो. रक्त व मूत्र दोन्हींतून ते इम्युनोफिक्सेशनलाही दिसेनासे होणे ही पूर्ण प्रतिसादाची एक अट आहे. आता रक्तातील मुक्त हलक्या साखळ्याही मोजता येतात, त्यामुळे निदानात मूत्रावरचा भार कमी झाला आहे. पाठपुराव्यात मात्र मूत्रतपासणी टिकून आहे.

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी एनएमपी-२२ या केंद्रकीय प्रथिनाच्या चाचणीला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मूतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी ती होकारार्थी येऊ शकते, म्हणून दुर्बिणीने मूत्राशय पाहणे टळत नाही.

जिल्ह्यातील कर्करोगांची लोकसंख्याधारित नोंदणी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये स्थापलेली ही संस्था कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेली आहे. सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग येथे ठळक आहे. या दोन्हींसाठी मूत्रातील प्रथिनांची प्रस्थापित चाचणी नाही. तोंडाची व स्तनांची प्रत्यक्ष तपासणी आणि संशयित गाठीचा किंवा व्रणाचा तुकडा काढून पाहणे हा मुख्य मार्ग आहे.