माथेरानमधील ई-रिक्षा
रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानावरील बॅटरीवर चालणारी तीनचाकी प्रवासी सेवा. येथे मोटारवाहनांना बंदी असून बाहेरील गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पायी, घोड्यावरून किंवा माणसांनी ओढलेल्या हातरिक्षातून जावे लागे. २००३ मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. शाळकरी मुले, वृद्ध व रुग्ण यांची त्यामुळे सोय झाली. रोजगार बुडेल म्हणून घोडेवाल्यांनी मात्र विरोध केला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, असेही राज्य सरकारला सांगितले.