अपंगांसाठीच्या राखीव वाहनतळाचा बिल्ला : ब्रिटनमधील एका सोयीचा इतिहास व तिच्या गैरवापराचा प्रश्न (१९७० ते २०१९)

प्रस्तावना

मोटार उभी करण्याची जागा हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि कल्याणकारी राज्याने दिलेली एखादी सोय समाज हक्क म्हणून स्वीकारतो की मेहेरबानी म्हणून, याची कसोटी संसदेपेक्षा अशाच ठिकाणी अधिक स्पष्टपणे लागते. अपंग व्यक्तींसाठी राखीव वाहनतळ आणि त्यासाठी दिला जाणारा बिल्ला ही व्यवस्था ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याने आली. तिच्या गैरवापराची चर्चा तेथे बहुधा नागरिकांच्या अप्रामाणिकपणाभोवती फिरत राहिली. प्रस्तुत निबंधात त्याहून वेगळी मांडणी केली आहे. अपंग व्यक्तीची गरज रुंद जागेची आणि कमी अंतराची होती. शासनाने मात्र त्या गरजेला शुल्कमाफीची जोड दिली आणि कालांतराने लोकांच्या नजरेत शुल्कमाफी हाच बिल्ल्याचा अर्थ होऊन बसला. गैरवापराचे आणि गैरसमजाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

तीनचाकी गाडीपासून बिल्ल्यापर्यंत

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन झाल्यानंतर चालता न येणाऱ्या नागरिकांना सरकारकडून छोट्या तीनचाकी मोटारगाड्या दिल्या जाऊ लागल्या. कायद्याच्या भाषेत त्यांना ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणत. फिकट निळ्या रंगाची ‘इन्व्हॅकार’ ही त्यांतील सर्वांत परिचित. या गाडीत एकच आसन असे आणि दुसऱ्या कोणास बसविण्यास मनाई होती. अपंग मातेला आपले मूल सोबत नेता येत नसे, पतीला पत्नीस नेता येत नसे. अपंग मनुष्य एकटाच असतो, त्याला कुटुंब नसते, असे जणू शासनाने गृहीत धरले होते. या गाड्यांविरुद्ध १९६० च्या दशकात अपंग चालकांनीच चळवळ उभारली. पुढे १९७६ मध्ये गाडीऐवजी रोख प्रवासभत्ता देण्याचे धोरण सुरू झाले आणि उरलेल्या तीनचाकी २००३ च्या मार्चअखेर रस्त्यावरून हटविण्यात आल्या.

अपमानास्पद असली, तरी त्या निळ्या गाडीत बसलेली व्यक्ती अपंग आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नसे. गाडी हीच ओळख होती. सर्वसाधारण मोटार वापरणाऱ्या अपंगांच्या बाबतीत ही ओळख नाहीशी झाली आणि तिची जागा एका कागदी बिल्ल्याने घेतली.

बिल्ल्याची तरतूद ज्या कायद्यात झाली, तो ‘दीर्घकालीन आजारी व अपंग व्यक्ती अधिनियम, १९७०’ होय. मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता. सार्वत्रिक निवडणुकीसाठी संसद विसर्जित होत असतानाच, २९ मे १९७० रोजी, त्याला राजसंमती मिळाली. मॉरिस पुढे १९७४ मध्ये अपंग कल्याणाचे पहिले मंत्री झाले. अधिनियमाच्या कलम २१ नुसार स्थानिक प्राधिकरणांनी १९७१ पासून नारिंगी बिल्ले देण्यास प्रारंभ केला. युरोपीय संघाच्या परिषदेच्या १९९८ च्या शिफारशीनंतर, २००० पासून, त्याची जागा निळ्या बिल्ल्याने घेतली.

हा बिल्ला वाहनाला नव्हे, तर व्यक्तीला दिला जातो, ही या योजनेतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. ज्याच्याकडे स्वतःची मोटार नाही त्यालाही मुलाच्या, शेजाऱ्याच्या वा भाड्याच्या गाडीतून जाताना तो वापरता यावा, हा त्यामागील उदार हेतू होता. पण याच उदारतेमुळे वडील घरी असताना त्यांचा बिल्ला मुलाच्या गाडीच्या काचेमागे राहू शकला. बिल्ल्याची मुदत तीन वर्षांची असल्याने धारकाच्या मृत्यूनंतरही परत न केलेला बिल्ला वरवर पाहता वैधच दिसे.

रुंदी, अंतर आणि शुल्क

ब्रिटनमधील नेहमीच्या वाहनतळाची एक जागा सुमारे २.४ मीटर रुंद असते. १.८ मीटर रुंदीची मोटार त्यात उभी केल्यावर दोन्ही बाजू मिळून जेमतेम ६० सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात धडधाकट मनुष्य अंग चोरून बाहेर पडतो, पण चाकाची खुर्ची दाराशी लावून तीत सरकणाऱ्याला दार पूर्ण उघडावे लागते. यासाठी राखीव जागेच्या बाजूला १.२ मीटरची तिरक्या रेषांची पट्टी आखतात. ती पट्टी म्हणजे उरलेली मोकळी जागा, असा समज सर्वत्र आढळतो. तिच्यावर मोटारसायकल उभी केली जाते, सामानाच्या गाड्या लावल्या जातात. परिणामी बाजारात जाऊन आलेल्या व्यक्तीस स्वतःच्याच गाडीत शिरता येत नाही. ‘पाचच मिनिटांसाठी उभी केली होती’ या सबबीचा खरा अर्थ तिला त्या वेळी कळतो. हृदयविकार वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांचे गणित निराळे असते. त्यांना रुंदीची फारशी गरज नसते. प्रवेशद्वारापर्यंतची पावले कमी व्हावी लागतात.

या दोन गरजांखेरीज बिल्ल्याने तिसरी गोष्ट दिली. रस्त्यावरील मीटरचे शुल्क माफ झाले, तसेच इंग्लंड व वेल्समध्ये एरवी निषिद्ध असलेल्या पिवळ्या रेषांवर तीन तासांपर्यंत गाडी उभी करण्याची मुभा मिळाली. शहरांतील वाहनतळाचे दर चढत गेले तसतशी या माफीची किंमत वाढली. १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये गर्दी-आकार लागू झाला आणि नोंदणी केलेल्या बिल्लाधारकांना त्यातूनही सूट मिळाली. बिल्ला आता पैशाच्या मोलाची वस्तू झाला होता. मोटारीची काच फोडून बिल्ले चोरणे, बनावट बिल्ले छापणे हे प्रकार या किमतीशिवाय समजत नाहीत. वेस्टमिन्स्टर आणि सिटी ऑफ लंडन येथे ही राष्ट्रीय योजना पूर्णपणे लागू होत नाही, तेथील रहिवाशांसाठी वेगळे बिल्ले आहेत, हेही सूचक आहे.

या संदर्भात अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे १९९५ पर्यंत सर्व अपंग परवानाधारकांना मीटरचे शुल्क माफ होते. त्या वर्षी ही माफी, ज्यांना शारीरिकदृष्ट्या मीटर चालविताच येत नाही, त्यांच्यापुरती मर्यादित करण्यात आली. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, पूर्वी सुमारे ५ लाख परवाने होते. नव्या माफीसाठी अर्ज आले ते सुमारे १० हजार. यावरून उरलेले सर्व लबाड होते, असे अनुमान काढणे सर्वस्वी चुकीचे होईल. त्यांतील बहुसंख्य खरेच अपंग असणार. मात्र त्यांच्या अपंगत्वातून शुल्कमाफीची गरज निर्माण होत नव्हती, एवढे त्यातून दिसते.

ब्रिटनने हा मार्ग धरला नाही, तपासणी वाढविली. बिल्ल्याचा गैरवापर १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन अधिनियमाने गुन्हा ठरलेलाच होता. २०१२ मध्ये नक्कल करण्यास कठीण असा नवा बिल्ला आला, शुल्काची मर्यादा २ पौंडांवरून १० पौंडांवर नेली गेली आणि रुग्णाच्या स्वतःच्या डॉक्टरऐवजी स्वतंत्र मूल्यमापनावर भर देण्यात आला. २०१३ च्या अधिनियमाने साध्या वेशातील अधिकाऱ्यांनाही बिल्ला तपासून ताब्यात घेण्याचा अधिकार दिला.

चिन्ह आणि संशय

तपासणीची ही वृत्ती अधिकाऱ्यांपुरती राहिली नाही. चाकाच्या खुर्चीचे आंतरराष्ट्रीय चिन्ह सुसाने कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये रेखाटले. तिच्या मूळ आकृतीत खुर्ची होती, माणूस नव्हता; डोक्याचे वर्तुळ नंतर जोडले गेले. प्रवेशसुलभता दर्शविण्याकरिता योजलेले हे चिन्ह लोकांनी अपंगत्वाची व्याख्या म्हणून वाचले. त्यामुळे राखीव जागेतून उतरून चालू लागणारी व्यक्ती तोतया ठरू लागली. संधिवात, हृदयविकार, मेंदूचे विकार असलेल्यांना अनोळखी माणसांचे टोमणे ऐकावे लागतात, ही तक्रार अपंगांच्या संघटना सातत्याने मांडत आल्या आहेत. बिल्ला उसना घेणारा सुखरूप सुटतो आणि ज्याच्या नावाचा बिल्ला आहे त्याला जाब द्यावा लागतो, असा हा उफराटा न्याय आहे. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही पात्रतेत स्पष्टपणे समावेश झाला. रस्त्यावरील नजर बदलण्यास मात्र अधिसूचना पुरत नाही.

भारतीय संदर्भ

‘इन्व्हॅलिड कॅरेज’ हा शब्द भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातही होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्याऐवजी ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाची संज्ञा आली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन मोटारींची जागा आणि किमान ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे. ब्रिटनमधील २.४ आणि १.२ मीटरची बेरीज तेवढीच होते. म्हणजे माप आपल्याकडे आले, पण त्यामागील कारण लोकांपर्यंत पोहोचले नाही. मराठीत ‘राखीव’ हा शब्द उच्चारताच सवलतीचा, आणि सवलतीबरोबर वादाचा, ध्वनी उमटतो. दाराच्या रुंदीचा विचार त्यातून सुचत नाही.

१९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांतील अनेक प्रकार डोळ्यांना दिसणारे नाहीत. सुगम्यतेची मानके बंधनकारक न ठेवता केवळ मार्गदर्शक ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. मानके बंधनकारक होताना ती कोणाच्या वाहनावरून मोजली जातात, हे पाहावे लागेल. महाराष्ट्रातील लहान शहरांत अपंग व्यक्तीचे वाहन बहुधा मोटार नसते. मागे दोन जादा चाके जोडलेली स्कूटर हेच त्याचे वाहन असते. दुचाकींच्या रांगेत ही स्कूटर मावत नाही आणि मोटारीसाठी आखलेल्या राखीव जागेत ती लावली, तर पहारेकरी तिला दुचाकी म्हणून बाहेर काढतो.