यूजरडेटा नावाचा कप्पा : सावित्रीखोऱ्यातील फोनमधल्या दप्तराचा शोध

कशेडी घाटाखालच्या पोलादपूर-महाड मुलखाचा १९२७ सालचा इतिहास लिहिणाऱ्याला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयीची वर्तमानपत्रे, खटल्याचे कागद, सहभागी झालेल्यांच्या आठवणी असे पुष्कळ साहित्य मिळते. त्याहून फार मागे जायचे म्हटले तर गांधारपाल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख आजही दगडावर आहेत. मात्र याच मुलखाचा २०१० ते २०२० या दशकाचा इतिहास लिहायला बसलो की हाताशी कागद येत नाही. लग्ने, पालख्या, गौरी-गणपतीला आलेले चाकरमानी, नवे बांधलेले देऊळ, शेजारच्याशी झालेला बांधाचा तंटा, हे सारे नोंदले गेले आहे, पण फोनमध्ये. तेव्हा दप्तर कुठे होते आणि त्याच्या चाव्या कोणाकडे होत्या, हे आधी समजून घ्यावे लागते.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली अमेरिकेत विक्रीस आला आणि भारतात पुढच्या वर्षी एचटीसी मॅजिकच्या रूपाने अँड्रॉइड पोहोचले. या फोनमधली साठवण फ्लॅश प्रकारची. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ही स्मृती वीज गेली तरी पुसली जात नाही. मात्र ती एकसंध नसते. तिचे भाग पाडलेले असतात आणि दुरुस्तीवाले त्यांना पार्टिशनच म्हणतात. गिरगाव-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत लाकडी पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडे राहिली, ती पाहिलेल्या कोकणी माणसाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. एका कप्प्यात फोन सुरू करणारी आज्ञावली (बूट), एकात मूळ प्रणाली (सिस्टिम), एकात दुरुस्तीची सोय (रिकव्हरी), एकात तात्पुरता पसारा (कॅश) आणि एकात माणसाचे स्वतःचे सामान. या शेवटच्या कप्प्याचे नाव यूजरडेटा. इतिहासकाराचा संबंध मुख्यतः याच्याशी.

सुरुवातीला हा कप्पा अगदी लहान होता, इतका की फोटो त्यात मावत नसत; ते बाहेरून घातलेल्या मेमरी कार्डावर जात. या अडचणीतून एक अनपेक्षित चांगली गोष्ट घडली. कार्ड काढता येई, दुसऱ्या फोनात घालता येई, संगणकाला लावता येई. त्याची मांडणी साधी, कुठल्याही यंत्राला वाचता येईल अशी. पुसलेली फाइलही लगेच नष्ट होत नसे; यादीतून नाव जाई, मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागेवर राही. फोटोरेकसारखी फुकट मिळणारी प्रणाली असे फोटो बाहेर काढी. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानांत कार्डावर गाणी भरून देण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. गाणी भरून घेताना आधीचा मजकूर दुकानाच्या संगणकावर उतरवून ठेवला जाई, एकाच्या लग्नाची चित्रफीत ब्लूटूथने दहा जणांकडे जाई. ‘बॅकअप’ हा शब्द कोणी उच्चारत नव्हते, पण प्रती होत होत्या. जुन्या पोथ्या टिकल्या त्याही याच न्यायाने, नकला झाल्या म्हणून.

त्याच काळात पट्टीचे दुरुस्तीवाले आणि हौशी तरुण पूर्ण कप्प्याची जशीच्या तशी प्रत घ्यायला शिकले होते. कंपनीने दिलेला रिकव्हरीचा कप्पा काढून तिथे क्लॉकवर्कमॉड किंवा पुढे टीडब्ल्यूआरपी बसवायची आणि तिथून बूट, सिस्टिम, यूजरडेटा यांची नक्कल कार्डावर उतरवायची. हिला ते नँड्रॉइड म्हणत. सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेत ईएफएस नावाचा आणखी एक चिमुकला कप्पा होता आणि त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक राही. प्रणाली बदलताना तो बिघडला की फोनचे नेटवर्क जाई. भारतात १ डिसेंबर २००९ पासून वैध आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा बंद करण्यात आली होती, म्हणून हा धोका मोठा. सगळ्यात आधी ईएफएसची प्रत घ्या, हा तेव्हाचा दंडक होता.

मग रचना बदलली. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३ पासून फोटो-चित्रफितींना यूजरडेटाच्याच पोटात जागा देण्याची पद्धत सुरू झाली. जागेची उधळपट्टी थांबली, हे खरे. पण यापुढे फोन संगणकाला लावला तर संगणकाला कप्पा दिसेना. तो फोनला फाइल मागणार आणि फोन देईल तेवढीच मिळणार. पुसलेले काही शोधायचे तर त्या कप्प्याच्या तळाशी पोहोचावे लागते, आणि ती वाट सामान्य माणसाला बंद झाली. २०१३ सालच्या अँड्रॉइड ४.३ ने पुसलेली जागा वेळोवेळी चिपला कळवून मोकळी करून घेण्याची सोय आणली. फोन वेगवान राहू लागला आणि पुसलेले परत मिळण्याची आशा आणखी कमी झाली. आपल्या भागात हा बदल थोडा उशिरा जाणवला. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांनी अँड्रॉइड वनचे स्वस्त फोन काढले, त्यांत अंतर्गत साठवण अवघी ४ जीबी. तेव्हा फोटो कार्डावरच. गरिबीने कार्ड टिकवले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

तिसरा बदल सर्वांत मोठा, सांकेतिक कुलुपाचा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनांना, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सर्वच नव्या फोनांना यूजरडेटा कुलूपबंद ठेवणे सक्तीचे झाले. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. केंब्रिज विद्यापीठातले लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली २१ जुने फोन तपासले, तेव्हा ‘फॅक्टरी रिसेट’ करून विकलेल्या फोनांतूनही आधीच्या मालकाचे संदेश आणि खात्याच्या चाव्या निघाल्या होत्या. जुना फोन विकणाऱ्या बाईचे फोटो परक्याच्या हाती पडू नयेत, हा हक्क इतिहासकाराच्या सोयीपेक्षा मोठा आहे. तरी किंमत मोजावी लागली, आणि ती आपल्याकडे पुराच्या दिवशी कळली.

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी यांच्या पाण्याने महाडची बाजारपेठ बुडाली, तळियेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या तेव्हा वाहून गेले ते कागदी फोटोंचे अल्बम. २०२१ मध्ये फोन गेले.

चिखलात सापडलेला फोन मेलेला दिसतो, पण त्यातली साठवणीची चिप बहुधा शाबूत असते. मरतो तो भोवतालचा बोर्ड. असा फोन चालू करून पाहणे किंवा चार्जिंगला लावणे हा त्याचा खरा घात. तांदळात पुरून ठेवण्याच्या उपायाचाही, भाताच्या मुलखात तो कितीही जवळचा वाटला तरी, उपयोग नाही. तांदूळ बोर्डावरचा गाळ काढत नाही. जाणता कारागीर बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. कुलूप नसलेल्या जुन्या फोनची चिप उष्णता देऊन बोर्डावरून उतरवता येते आणि वाचकयंत्रात घालून यूजरडेटा वाचता येतो. कुलूपबंद फोनची चिप तशीच उतरवली तर हाती निरर्थक अक्षरांची रास येते, कारण किल्लीचा एक भाग त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये असतो आणि दुसरा मालकाच्या पिनमध्ये. इथे बोर्डच जिवंत करावा लागतो, आणि पिन सांगणारे माणूस असावे लागते. तळियेसारख्या ठिकाणी हे दुसरे कलम वाचताना लेखणी थांबते.

मग प्रत कुठे असेल? व्हॉट्सअ‍ॅप रात्री दोनच्या सुमारास स्वतःची प्रत घेते आणि गेल्या सात दिवसांच्या प्रती ठेवते, पण त्याच फोनात. म्हणजे घर बुडाले तर तिजोरीही बुडाली. दुसरी जागा गूगलच्या खात्याची. गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी, म्हणजे पुराच्या सात आठवडे आधी, बंद झाली. त्यापूर्वी चढवलेले मात्र सुरक्षित होते. पुढे मे २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पुसली जातील. २२ जुलै २०२१ ला ज्यांचा वापर थांबला, त्यांची दोन वर्षे जुलै २०२३ मध्ये भरली होती. मृत्यूनंतर खाते कोणाकडे जावे, हे आधी ठरवून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. ती वापरणारा माणूस मला या खोऱ्यात अजून भेटलेला नाही. आपले फोटो कुणा खात्यात जात आहेत याची कल्पना नसलेले मात्र पुष्कळ भेटले.

राहता राहिले मुंबईकर नातलगांचे फोन. दरडीआधीची वाडी, अंगणे, घरांची रांग बहुधा तिथेच सापडेल. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेला फोटो आक्रसतो, आणि तो कधी व कुठे काढला याची आतली नोंद गळून पडते. फाइलच्या नावात फोटो पाठवल्याचा किंवा आल्याचा दिवस तेवढा राहतो. पुष्कळदा ही तारीखच एकमेव पुरावा ठरते, म्हणून प्रती गोळा करताना फाइलचे नाव बदलू नये, आणि शक्य असेल तर फोटो पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपनेच न मागवता थेट फोनमधून उतरवून घ्यावेत.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचे साधन म्हणजे २०१० च्या आसपासची, कपाटाच्या खणात बटणांच्या डबीत पडलेली २ आणि ४ जीबीची मेमरी कार्डे. त्यांना कुलूप नाही, पिन लागत नाही, वारसाहक्काचा प्रश्न नाही. पण फ्लॅशच्या कणांत मजकूर विजेच्या भाराच्या रूपाने असतो आणि वर्षानुवर्षे वापरात नसलेल्या कार्डातून तो भार हळूहळू झिरपत जातो. त्या कार्डांना आता पंधरा पावसाळे झाले.