घूर्णन-शीतलन, रेणवीय आयनांचे (इलेक्ट्रॉन-आघाताने)

मंदगती इलेक्ट्रॉनांशी होणाऱ्या अप्रत्यास्थी आघातांमुळे रेणवीय आयनाची घूर्णन-ऊर्जा घटण्याची प्रक्रिया. ध्रुवीय आयनाचे विद्युत् क्षेत्र दूरवर पोहोचते. त्यात सापडलेला इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा घेऊन निसटतो आणि आयन खालच्या घूर्णन-पातळीत उतरतो. उलट प्रक्रियाही घडते. त्यामुळे घूर्णन इलेक्ट्रॉनांपेक्षा उष्ण असेल तरच शीतलन होते. जर्मनीत हायडलबर्ग येथील माक्स प्लांक संस्थेच्या ३५ मी. परिघाच्या अतिशीत साठवण वलयात मेथिलिडाइन आयन ६०० सेकंदांपर्यंत फिरवून, त्यांच्या शलाकेत समान वेगाची इलेक्ट्रॉन-शलाका मिसळून हे शीतलन मोजले गेले (२०२२). आयन लेसरने फोडून पातळीनिहाय वाटणी तपासली असता प्रारणजन्य शीतलनापेक्षा (पहा : प्रारण) इलेक्ट्रॉनांचा वाटा मोठा ठरला. या मापनांवरून सैद्धांतिक आघात-दर पारखता येतात. आंतरतारकीय मेघांतील (पहा : आंतरतारकीय द्रव्य) वर्णरेषांचा अर्थ लावताना ते दर लागतात.