सोबत नेणारा आणि वाट दाखवणारा

मे महिना सरत आला आणि वळवाचे दोन शिडकावे झाले की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर शनिवारी दुपारपासून मुंबई, पुणे, नाशिकच्या मिनीबसगाड्या दिसू लागतात. शेंडी गावात चहा होतो. मग धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि अंधार पडल्यावर काजवे. रात्री पिठलं-भाकरी आणि तंबू, सकाळी सांदण दरी किंवा घाटघरचा कोकणकडा. कुठल्याही गाडीत बसा, कार्यक्रम थोड्याफार फरकाने हाच असतो. पैसे आधीच भरलेले असतात. हातात यादी आणि गळ्यात शिट्टी असलेला एक तरुण डोकी मोजत असतो. गाडीतले निम्मे लोक एकमेकांना सकाळपर्यंत ओळखतही नसतात.

लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंडच्या सहलीची बांधणीही हीच असते. आधी शहर, तिथल्या इमारती आणि संग्रहालयं, मग डोंगर, बर्फ, तळं, आणि या सगळ्यात आपल्या बरोबर चालणारा एक माणूस. या साच्याचा शोध इंग्लंडात लागला असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याचं दुसरं कूळ आपल्याच घरात आहे आणि ते थोडं जुनंही आहे.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी तळ कसा हलवायचा, हजारो माणसं रोज ठरल्या वेळी कशी उठवायची, चालवायची आणि मुक्कामी पोचवायची, हे त्यांना ठाऊक होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांना क्रमांक मिळाले, रथापुढच्या कोणत्या आणि रथामागच्या कोणत्या हे ठरलं, विसावे आणि मुक्काम ठरले. आजही दिंडीत जायचं तर दिंडीप्रमुखाकडे भिशी भरावी लागते. त्या भिशीत जेवण आलं, पालातली जागा आली आणि सामान वाहणारा ट्रक आला. ट्रक पुढे जातो, चुली पेटतात, वारकरी पोचेपर्यंत पंगतीची तयारी झालेली असते.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मुक्कामी होणारी समाज आरती. तळावर सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप उंचावतो आणि एवढा मोठा समुदाय क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या दिंडीची काही तक्रार आहे, हे त्यावरून सगळ्यांना कळतं. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकून घेतो, तोडगा निघाला की टाळ थांबतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते आणि मग आरती. आज रात्रीच्या जेवणानंतर टूर लीडर हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना गोळा करून उद्याचं वेळापत्रक सांगतो, तेव्हा तो हेच काम करत असतो.

दिंडीचा प्रमुख घरापासून सोबत निघतो. यात्रेला लागणारा दुसरा माणूस मुक्कामाच्या ठिकाणी भेटायचा, तो म्हणजे क्षेत्रोपाध्याय. त्र्यंबकेश्वरला, काशीला, प्रयागला गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही उघडतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर येऊन गेले ते दाखवतात. उतरायची सोय त्यांच्याकडे, विधी त्यांच्याकडून, घाट आणि देवळं दाखवायला त्यांचाच माणूस. परमुलखात भाषा कळत नसलेल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या कुटुंबाला तोच आधार असे. सोबत नेणारा एक आणि त्या जागेचा दुसरा, अशी ही जोडी आहे, आणि समूहसहलीची सगळी कुळकथा या दोघांभोवतीच फिरते.

आता इंग्लंडकडे वळू. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोपर्यंत खास आगगाडी नेली. सुमारे ५०० माणसं होती, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. दारूच्या गुत्त्यापासून लोकांना एक दिवस दूर न्यायचं, हा हेतू. हेतू धार्मिक-सामाजिक होता, म्हणून मला कुक हैबतबाबांपासून फार लांबचा वाटत नाही. रेल्वे कंपनीशी आधी सौदा करायचा, माणशी एकच ठोक दर लावायचा आणि त्यात सगळं बसवायचं, ही त्याची करामत. पुढे १८६८ साली त्याने हॉटेलांची कूपनं काढली, म्हणजे प्रवाशाने वाटेत पैशाची पिशवी सोडायलाच नको.

शहर आणि निसर्ग एका माळेत ओवले गेले ते १८६३ साली. त्या जूनच्या अखेरीस कुकची पहिली स्वित्झर्लंडची सहल लंडनहून निघाली. पॅरिस, तिथून जिनिव्हा, मग शामोनीची हिमनदी, खिंडी ओलांडत इंटरलाकेन आणि ग्रिंडेलवाल्ड, पुढे ल्युसर्न, रिगी डोंगरावरचा सूर्योदय आणि परतताना पुन्हा पॅरिस. साधारण तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. गटात जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशरची तरुणी होती. तिने आणि तिच्या सोबत्यांनी आपल्या छोट्या टोळीला ‘ज्युनियर युनायटेड अल्पाइन क्लब’ असं भारदस्त नाव दिलं होतं. जेमायमाने रोजनिशी ठेवली. ती पुढे हरवली, दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि सहलीला १०० वर्षं झाली त्या साली, १९६३मध्ये छापली गेली. घोळदार झग्यांत हिमनदी ओलांडणाऱ्या, खेचरावर बसून खिंड चढणाऱ्या या बायका पाहिल्या की आजच्या महिला सहलींची आजी आपल्याला भेटते.

शामोनीत मात्र कुकचं काही चालत नव्हतं. हिमनदीवर जायचं तर तिथलाच वाटाड्या घ्यावा लागे. १८२० साली माँ ब्लाँच्या वाटेवर हिमप्रपात होऊन तीन वाटाडे गेले. त्यानंतर १८२१मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. जगातली वाटाड्यांची सगळ्यात जुनी संघटना तीच. तिचे नियम दोन मोठ्या गोष्टींवर उभे होते. काम पाळीपाळीने मिळेल, म्हणजे बोलक्या आणि ओळखीच्या माणसानेच सगळी गिऱ्हाइकं पळवायची नाहीत. आणि मिळकतीतला वाटा एका निधीत जाईल, ज्यातून जायबंदी वाटाड्याला आणि मेलेल्याच्या कुटुंबाला मदत होईल. तेव्हा ही खोरी गरीब होती, गुरं आणि थोडी शेती एवढ्यावरच जगणारी. सहली आल्या तेव्हा वाट दाखवण्याचा हक्क गावाच्या हातात आधीच होता, हे त्या खोऱ्याचं नशीब नव्हे, शहाणपण.

दोन्ही कुळं एकत्र आली ती रेल्वेमुळे. १८६५ साली थळ घाटातून कसारा-इगतपुरीची लाइन खुली झाली, १८७०मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली आणि काशी काही महिन्यांच्या वाटेवरून काही दिवसांच्या अंतरावर आली. काशीला जाणाऱ्या त्या गाड्या कळसूबाईच्या डोंगररांगेच्या अंगणातूनच जात. १८८१ साली कुकच्या कचेरीचं दार मुंबईत उघडलं. साहेब आणि संस्थानिक तिथे जात. सामान्य मराठी माणूस गेला तो यात्रा कंपनीकडे. नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीसारख्यांनी जे केलं त्यात कुकचा ठोक दर होता आणि दिंडीची चूल होती. आचारी बरोबर, भांडीकुंडी बरोबर, धान्य-मसाले बरोबर. रामेश्वरमला असो की बद्रीनाथला, ताटात वरण-भात पडणारच.

परदेशाची सहल मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला फार वेळ लागला. परकीय चलनावर कडक बंधनं होती. १९६०च्या सुमारास परदेश पाहायचा तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तून. १९८४ साली केसरी पाटलांनी केसरी टूर्स सुरू केली. १९९१नंतर चलनाची दारं किलकिली झाली आणि मराठी गट युरोपात दिसू लागले. एसओटीसीने खास मराठी मंडळींसाठी ‘भ्रमण मंडळ’ काढलं, केसरीची ‘माय फेअर लेडी’ ही फक्त बायकांची सहल आली, २०१३मध्ये वीणा पाटलांनी वीणा वर्ल्ड उभी केली. या सहलींत मार्ग बहुतेक जेमायमाचाच आहे. पॅरिस, मग इंटरलाकेन, मग ल्युसर्न. फक्त पायी खिंडीऐवजी युंगफ्राउयोखची ३,४५४ मीटरवरची आगगाडी आणि टिटलिसची फिरती केबल कार आली. गटातल्या साठीच्या काकू पहिल्यांदाच एकट्या घराबाहेर पडलेल्या असतात. जेवण काय मिळेल, बाथरूम कसं वापरायचं, वाट चुकली तर काय, या प्रश्नांना मराठीत उत्तर देणारा एक पोरगा सोबत असतो. या सोबतीने हजारो बायकांना जग दाखवलं, तिला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

युंगफ्राउयोखची गाडी १९१२ साली सुरू झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१०मध्ये, भंडारदऱ्याला प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं होतं. तिथे रेल्वे सहलीसाठीच बांधली गेली, इथे धरण खालच्या राहाता-श्रीरामपूरकडच्या शेतीसाठी. पण डोंगराचं दार उघडण्याचं काम दोन्हीकडे इंजिनिअरांनी केलं. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. २७० फूट उंचीची दगडी भिंत आणि ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी. साहित्य वाहायला रस्ता झाला, अधिकाऱ्यांना बंगले झाले, आणि त्याच रस्त्याने पुढे पाहुणे आले. अम्ब्रेला फॉल ही तर धरणाचीच निर्मिती आहे. भिंतीतल्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या फुगीर कातळावर आदळून छत्रीसारखं पसरतं. रंध्याचं उलट झालं. प्रवरेचं पाणी विजेसाठी वळवल्यामुळे तो धबधबा आता खऱ्या अर्थाने पावसाळ्यातच बघावा.

गाडीतल्या यादीत अमृतेश्वरला मिळतात ती वीस मिनिटं. तिथे जास्त थांबायला हवं. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ हे देऊळ आहे. शिखरावर खालपासून वरपर्यंत ओळीने चढत गेलेली छोटी छोटी शिखरं, आतल्या छतावर आणि खांबांवर कोरीवकाम, बाहेर कोनाड्यांची पुष्करणी. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, अशी परंपरा सांगते. पॅरिसला आपण चर्चची कमान बघत मान दुखेपर्यंत उभे राहतो. इथल्या शिल्पालाही तेवढाच वेळ द्यायला हरकत नसावी. संस्कृतीचा भाग शोधायला अकोले तालुक्याबाहेर जायची गरजही नाही. देशी बियाणी जपणाऱ्या, २०२०च्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

आता वाटाड्यांबद्दल. साम्रदहून सांदणीत उतरताना दोन्ही बाजूंचे कातळ इतके जवळ येतात की आकाशाची चिंधी तेवढी दिसते. सुरुवातीच्या डोहात पाणी किती आहे, कोणत्या दगडावर पाय ठरेल आणि कोणता हलतो, पाऊस कुठे पडला तर दरीत पाणी किती वेळात येईल, हे साम्रदच्या महादेव कोळी आणि ठाकर पोरांना माहीत असतं. घसाऱ्याच्या जागी ते स्वतः खाली उभे राहतात, बाईमाणसाला मांडीवर पाय ठेवायला सांगतात आणि हाताला धरून उतरवतात. मुंबईहून शिट्टी घेऊन आलेल्या तरुणाचं काम इथे संपतं. तो चांगला असेल तर तसं उघड सांगतो आणि मागे चालतो.

काजव्यांच्या रात्री हे मागे चालणं सहसा होत नाही, आणि तिथेच माझा जीव कळवळतो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर पावसाआधीच्या काही आठवड्यांत नर काजवे लुकलुकतात, मादी त्या खुणेला उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. तेवढ्यात जोडी जमली नाही तर पुढची पिढी नाही. गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलचा टॉर्च झाडावर पडला की ही खूणगाठच तुटते. उडदावण्याच्या किंवा पांजऱ्याच्या गावकऱ्याबरोबर दहा जणांनी दिवे विझवून झाडापासून लांब उभं राहिलं तर काही बिघडत नाही. पन्नास गाड्या एकामागून एक आल्या, तर वनखात्याने वेळ आणि शुल्क ठरवूनही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून शामोनीची १८२१ची घटना मला भंडारदऱ्याच्या कामाची वाटते. साम्रद, रतनवाडी, घाटघर, पांजरे, उडदावणे या गावांनी पाळी लावावी. बाहेरच्या कोणत्याही कंपनीचा गट आला तरी सांदणीत आणि काजव्यांच्या झाडांशी गावचाच माणूस पुढे असेल, हा नियम असावा. दर माणशी ठरलेली रक्कम गावाच्या निधीत जावी, दोर तुटून किंवा दगड सुटून कोणी जायबंदी झाला तर त्यातून त्याचं घर चालावं. कंपनीच्या मुलाने यादी सांभाळावी, डोकी मोजावीत, घाबरलेल्या काकूंना धीर द्यावा. जेवण गावच्या चुलीवर, नाचणीची भाकरी आणि ठेचा.

पावसाळ्यात सांदणीत उतरू नये. ती दरी बघायची तर डिसेंबर ते एप्रिल, आणि काजवे बघायचे तर जूनच्या पहिल्या पावसाआधी, शनिवार-रविवार सोडून. पैसे भरण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: पुढे गावचा कोण असेल, आणि भाकरी कोणाच्या घरात भाजली जाईल.