पाण्याची पत्रिका

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन गोष्टींची निवड फार चिकित्सेनं होते. एक जावई आणि दुसरा पाण्याचा फिल्टर. रंग कोणता, घराणं कुठलं, पुढे खर्च किती पडेल, सगळं खोदून खोदून विचारतात. पण लग्नात पत्रिका दोघांची बघतात, फिल्टरच्या वेळी मात्र एकट्या फिल्टरची! ज्याच्याशी त्याला जन्म काढायचा, त्या पाण्याची पत्रिका कोणी मागतच नाही. आणि इतिहास तर असा, की प्रत्येक फिल्टर जन्माला आला तो एका ठरावीक शत्रूसाठी.

सर्वांत जुना शत्रू म्हणजे गाळ. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांत निवळीचं बी आहे, तसंच चक्क वस्त्रही आहे. म्हणजे आजी हंड्याच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधायची, ते अगदी शास्त्रोक्त होतं. आणि फडक्याला कमी लेखू नका. नारूची अळी पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात बसून येते आणि तो किडा कापडात अडकतो. गावोगाव पाणी गाळून पिण्यावर भर दिला गेला. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात तर चार पदरी जुन्या साडीतून पाणी गाळल्यानं कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला, असं २००३ साली प्रसिद्ध झालं. त्यातही नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस! वापरून वापरून तिचे धागे पिंजतात आणि छिद्रं बारीक होतात. हा उतारा मी दिवाळीच्या तोंडावर घरात मोठ्यानं वाचून दाखवला. परिणाम शून्य. कॉलऱ्याचं पटलं, जुन्या साडीचं पटलं नाही.

पुढचा शत्रू जंतू. १८८४ साली पॅरिसमध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलां यांनी झिलई नसलेल्या चिनी मातीची नळी बनवली. पाणी पार जाई, जंतू बाहेर राहत. आपल्या स्टीलच्या दोन डब्यांच्या फिल्टरमधली कॅन्डल याच कुळातली, मात्र तिची छिद्रं तितकी बारीक असतीलच असं नाही.

पण या कुळाच्या कीर्तीला लगेच तडा गेला. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस शांबरलांच्या नळीतून गाळला, तरी गाळलेल्या रसानं चांगली पानं रोगी झालीच! जंतूंहून बारीक असं काहीतरी पार जात होतं. त्यालाच पुढे व्हायरस म्हणू लागले. बँकेतही हेच चालतं. लाखाचा चेक तीन टेबलांवर अडतो, चहाचं व्हाउचर मात्र कोणी न बघता पास होतं.

या व्हाउचरची किंमत दिल्लीनं १९५५-५६ च्या हिवाळ्यात मोजली. नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं. पाणी गाळलं होतं, त्यात क्लोरीनही घातला होता. टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ सुमारे २९ हजार लोकांना झाली. गरोदर बायकांना ती अधिक जिवावर बेतली. ती हिपॅटायटिस ई होती, हे साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा गटाराची लाइन फुटली किंवा गल्लीत कावीळ आली, तर एकट्या कॅन्डलवर भिस्त ठेवू नये. पाण्याला मिनिटभर खळखळून उकळी आणावी. हा उपाय जुनाट दिसतो, पण जंतू आणि व्हायरस दोघांचाही हिशेब एकदम चुकता करतो.

आता राहिले क्षार. १९६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि सौरिराजन यांनी समुद्राचं पाणी गोडं करणारा पडदा तयार केला. आजचा आरओ त्याचाच वंशज. बोअरचं पाणी खारट असेल किंवा त्यात फ्लोराइड फार असेल, तर तिथे आरओ हवाच. अशा पाण्यापुढे कॅन्डल हात टेकते आणि उकळून तर क्षार आणखी दाट होतात. पण मुंबईत भातशाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं. तिथे समुद्राचं यंत्र बसवून पेलाभर पाण्यामागे दोन-तीन पेले मोरीत सोडायचे, म्हणजे मुंगी मारायला तोफ आणून वर तोफेचा हप्ता भरणं!

म्हणून दुकानात शिरण्याआधी पाण्यालाच तीन प्रश्न विचारावेत. तू गढूळ आहेस का? तुझी गटाराशी ओळख आहे का? तू जमिनीच्या पोटातून आलास का? शेवटच्या दोन्हींचं उत्तर चवीवरून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत बाटलीभर नमुना द्यावा लागतो, आणि तो खर्च फिल्टरपेक्षा पुष्कळ कमी असतो.

इतकं सगळं करून पाणी गाळावं, उकळावं, झाकून ठेवावं आणि पाहुण्यांच्या बाळ्यानं कोपरापर्यंत हात बुडवून पेला भरून घ्यावा! यावर पॅरिसमध्येही फिल्टर निघालेला नाही. त्याला अजून आपलं लांब दांड्याचं ओगराळंच लागतं.